घोड्याचे दात

गंगाखेडच्या मोंढ्यात आमची आडत आहे. सोयाबीन, तूर, कापूस. सीझनला शेतकऱ्याला पट्टी नगदी लागते, त्यामुळं संध्याकाळच्या वेळी पिशवी घेऊन जाणं-येणं होतंच. तीन वर्षांखाली आमच्या मुनीमजींच्या डोळ्यात मिरचीपूड टाकून पिशवी ओढायचा प्रयत्न झाला. पिशवी वाचली, मुनीमजींनी नोकरी सोडली. तेव्हा मी हत्याराच्या परवान्याचा अर्ज टाकला. पोलिसांचा अहवाल, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, कलेक्टर कचेरीच्या गृहशाखेत हेलपाटे, ह्यात किती चपला झिजल्या ते सांगत बसत नाही. परवाना हातात आला, लोकांनी पेढे मागितले, मी दिले. नंतर कळलं की परवाना म्हणजे नुसता कागद. हत्यार ठरावीक मुदतीत घ्यावं लागतं, नाहीतर पुन्हा मुदतवाढीचा अर्ज.

नवा रिव्हॉल्व्हर घ्यायचा तर पैसा मोजावा लागतो. 2014 ला कानपूरच्या कारखान्यानं ‘निर्भीक’ काढला, तेव्हाच त्याची किंमत लाखाच्या वर होती. वापरलेला घ्यावा असं मी ठरवलं. बायको म्हणाली, “बीडच्या बातम्या बघताय की नाही? तिकडं परवाने रद्द करायलेत आन् तुम्ही घ्यायला निघालेत.” 2025 चा जानेवारी होता, टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. मी म्हटलं, आपला परवाना पिशवीसाठी आहे, स्टेटसला टाकायला नाही. ती म्हणाली, “सगळे तसंच म्हणतेत.”

विलायतीचा विचार सोडून दिला होता. बाहेरून हत्यार आणून विकणं ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. त्यामुळं ज्याच्याकडं आजोबांच्या काळची इंग्रजी बनावटीची वेबली आहे तो तिचा भाव प्लॉटसारखा सांगतो. आणि उद्या तिची एक स्प्रिंग तुटली तर कुठून आणायची? आपला कानपूरचा .32 बोअरचा बरा (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). सहा राउंडचा, मधोमध मोडणारा. मोडणारा म्हणजे मागची कळ दाबली की नळी पुढं वाकते आणि सिलिंडरची सहाही भोकं आपल्याकडं तोंड करतात. 2023 ला आलेल्या ‘प्रबळ’चा सिलिंडर कुशीला निघतो, ह्याचा तसा निघत नाही.

परभणीत एका काकांकडं असा एक होता. फोटोत नवरदेवासारखा दिसत होता. काळा कुळकुळीत, कुठं ओरखडा नाही. सांगितलेला भाव नव्वद हजार. मी मनातल्या मनात पंच्याऐंशीला घेऊनही टाकला होता. नशीब, जाताना मामांना सोबत घेतलं.

मामा पालमचे. सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. आयुष्य हत्यारं उघडण्यात आणि जोडण्यात गेलं. आता दोन एकर हळद आणि दरवर्षी माळेगावची यात्रा. खंडोबाच्या त्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथं ते घोडा घेत नाहीत, नुसते बघतात. कुणी ओळखीचा घ्यायला आला की त्याच्यासाठी जबडा उघडून दात बघून देतात. मी फोटो दाखवला तर चष्मा वर करून म्हणाले, “हे फोटोत दात दिसत नाहीत.” मग म्हणाले, “टॅपेट बसवायचं गेज मिळेल का कुठं?”

मला वाटलं ट्रॅक्टरचं काही विचारतायत. आमच्या मोंढ्याबाहेरच्या मेकॅनिककडून फीलर गेज मागून आणलं. पातळ पोलादी पट्ट्यांचा तो पंखा मामांनी रुमालात गुंडाळून खिशात घातला. दुसऱ्या खिशात बॅटरी, भिंग आणि फ्लॅनेलच्या दोन पट्ट्या. त्याला ते अजूनही चिंदी म्हणतात, फौजेतला शब्द.

काकांनी आदरानं बसवलं. चहा आला. मग आतून चामड्याच्या कव्हरमध्ये रिव्हॉल्व्हर आला आणि काकांनी तो सरळ माझ्या हातात दिला. मी मूठ पकडली, डोळ्यासमोर धरला, वजन बघितलं. मामा काही बोलले नाहीत. माझं मनगट धरून नळी खिडकीकडच्या भिंतीला वळवली, माझं चापावरचं बोट सोडवलं, कळ दाबून हत्यार मोडलं. सहाही भोकं रिकामी होती. तरी प्रत्येक भोकात करंगळी घालून बघितली.

“आधी खाली आहे का बघ, मग वजन बघ,” एवढंच म्हणाले. काका जरा ओशाळले. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितली.

त्यानंतर मामांनी हत्याराकडं पाठच फिरवली. म्हणाले, परवाना दाखवा. काकांच्या परवान्यावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर जुळवायला लागले. कागदावर स्पष्ट 8. पोलादावर मात्र तो 8 आहे की 3, हे भिंगातूनही ठरेना. अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, उसाच्या कांड्यावर नखानं काढलेल्या रेघेसारख्या.

“पॉलिश कधी केलं, काका?”

“दोन वर्षं झाली. एका कारागिराकडून. चांगलं केलंय की नाही?”

“चांगलंच केलंय,” मामा म्हणाले. मला कळलं की ते चांगलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी शिंगं तासून हिंगूळ लावला की म्हातारा बैलही गोऱ्हा दिसतो. नवा काळा रंग चढवायच्या आधी पोलाद घासावं लागतं, आणि घासलं की गंज जातो तशी अक्षरंही जातात. बॅटरी तिरकी धरून मामांनी डावी बाजू दाखवली. रंगाखाली बारीक खळगे होते, देवीच्या व्रणांसारखे. उजवी बाजू साफ. “कव्हरात ठेवत होते,” ते मला हळूच म्हणाले. कमावलेल्या चामड्यात ओल धरून राहते, शिवाय कमावताना लावलेलं औषधही उतरतं, आणि चामड्याला टेकलेली बाजू गंजते. काकांनी आपणहून सांगितलं की 2019 ला लोकसभेला आणि विधानसभेला, दोन्ही वेळेला हत्यार ठाण्यात जमा होतं, कव्हरासकट. ठाण्यातून घरी आलेलं हत्यार त्यांनी पुसलं होतं, बाहेरून.

स्क्रू बघितले. दोन स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या. “हे पेचकस घरचं होतं.” काका हसले, कबूल केलं.

मग नळी. हत्यार मोडलेलंच, मागच्या बाजूनं पांढरा कागद धरून त्यावर बॅटरीचा उजेड पाडला आणि तोंडाकडून बघितलं. आतल्या पेचदार खाचा नीट दिसत होत्या, तोंडाजवळ थोडी खडबड. मामा बराच वेळ नळी फिरवत राहिले. ते एक काळं कडं शोधत होते. एखाद्या काडतुसात दारू सर्दली की गोळी नळीतच अडकते, कळत नाही, आणि मागून दुसरी मारली तर नळी आतून फुगते. त्या फुगवट्याचं नळीत कडं दिसतं. इथं नव्हतं. मी खुश झालो. म्हटलं, चला, झालं.

“काय झालं? अजून घोड्याला हात कुठं लावलाय?”

आपल्याकडं रिव्हॉल्व्हरच्या हॅमरला घोडा म्हणतात. पिस्तुलाला पण घोडा म्हणतात, ती गोष्ट वेगळी. मामांनी हत्यार बंद केलं, एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरून वर-खाली हलवलं. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा जीव बिजागरीत आणि मागच्या कळीत असतो. दारासारखंच. बिजागरी सैल झाली की दार खाली बसतं. इथं अगदी किंचित खटखट होती. मामांनी कान लावून ऐकली आणि चेहरा कोरा ठेवला. सिलिंडर पुढं-मागं ढकलला, तोही थोडा हलला.

मग गेज काढलं. सिलिंडरचं तोंड आणि नळीची मागची कड ह्यांच्यात बारीक फट असते. ती नसेल तर सिलिंडर फिरणार नाही, जास्त असेल तर गरम वायू आणि शिशाचे कण बाजूनं फुटतात. मामांनी पंधराची पट्टी घातली, म्हणजे 0.15 मिलिमीटर. सहज गेली. वीस गेली. पंचवीस गेली. तीसची पट्टी जरा अडखळली आणि तीही गेली. पंचवीसपर्यंत चालतं, असं ते नंतर गाडीत म्हणाले. तिथं फक्त “हं” म्हणाले.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. मामांनी काकूंना हाक मारली. “बाई, एक टिकली मिळेल का?”

काकू गोंधळल्या, पण पाकीट घेऊन आल्या. मामांनी एक बारकी लाल टिकली काढून सिलिंडरवर एका भोकाच्या बाजूला चिकटवली. मोजायला. डाव्या हाताचं बोट सिलिंडरला नुसतं टेकवलं, सायकलीला ब्रेक लागतो न लागतो एवढं. आणि उजव्या अंगठ्यानं घोडा मागं ओढायला लागले. पण इतका सावकाश की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. सिलिंडर फिरत आला. एक बारीक ‘टिक’ झाली आणि मग ‘कट’.

“ऐकलंस?”

काहीच ऐकलं नव्हतं. त्यांनी अंगठ्यानं घोडा धरूनच खाली सोडला, आपटू दिला नाही, आणि पुन्हा ओढला. टिक. कट. मग समजावलं. टिक म्हणजे खालचा खटका वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसला, भोक नळीच्या बरोबर समोर आलं आणि तिथं कुलूप लागलं. कट म्हणजे घोडा पूर्ण मागं जाऊन थांबला. टिक आधी यायला पाहिजे, फार तर दोन्ही एकदम. कट आधी आली तर भोक नळीसमोर यायच्या आतच घोडा पडायला तयार झाला.

दुसरं भोक, टिक, कट. तिसरं. चौथं. मला आता ऐकू येत होतं, हार्मोनियम शिकणाऱ्या पोराला अचानक सूर कळावा तसं. पाचवं भोक. टिक, कट. सहावं, टिकलीच्या अलीकडचं. कट.

नुसतीच कट.

मामांनी घोडा तसाच ठेवला आणि बोटानं सिलिंडर पुढं सरकवला. केसाएवढा सरकला. मग टिक झाली.

पुन्हा एक फेरी मारली. पाच भोकं बरोबर, त्याच एका भोकाला कट आधी. तिसरी फेरी मी मारली. सिलिंडरवर माझं बोट, माझा अंगठा, तोच हिशोब. मग हत्यार मोडून मामांनी रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा मधला तारा भिंगाखाली धरला. त्याच्या मागच्या बाजूला सहा दाते असतात. घोडा ओढला की आतला पंजा एकेका दात्याला धरून सिलिंडर फिरवतो. पाच दात्यांच्या कडा धारदार. सहाव्याची कड झिजून गोल, शेरडीच्या जुन्या दातासारखी.

त्या भोकात राउंड असता आणि घाईत चाप ओढला असता तर गोळी नळीच्या कडेला घासून गेली असती. शिसं बाजूनं उडालं असतं. उजवीकडं किंवा डावीकडं, जिथं कुणाचा हात, डोळा असेल तिथं. सहातला एक. मिरचीपूड डोळ्यात गेल्यावर तो सहातला कितवा आहे हे कोण मोजत बसतंय?

काका म्हणाले, “आम्हाला तर कधी काही झालं नाही. गच्चीवर चला, एक बार काढून दाखवतो.”

मामा उठलेच. “नाही काका. गच्चीवर नाही.” 2019 च्या दुरुस्तीनंतर हौसेनं, दुसऱ्याच्या जीवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मामा कायद्यामुळं उठले नसावेत. ते त्या सहाव्या दात्यामुळं उठले.

निघताना त्यांनी काडतुसं बघायला मागितली. पितळ बरंचसं हिरवं पडलेलं, तेही कव्हराच्या पट्ट्याला लावून ठेवल्यामुळं. त्यातली दोन बाकीच्यांपेक्षा आखूड होती. मामांनी ती बाजूला केली. “ही पिस्तुलाची. ही ह्याच्यात बसतात, म्हणून चालतात असं नाही.” बोअर .32 च, पण पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब जास्त असतो. काकांना ती कुणीतरी ‘बत्तीसचीच आहेत’ म्हणून दिली होती. सैल बिजागरी आणि तीसची फट ह्यांचं उत्तर बहुधा तिथंच होतं. “तुमच्या परवान्यावर ही नाहीत,” मामा म्हणाले, “आजच जमा करा.” काकांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हते हो. हात थरथरायला लागला म्हणून विकत होते, आणि पॉलिश केलं ते लेकीच्या लग्नाआधी घराला रंग देतात तसं. मामांनी त्यांना परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडं जायला सांगितलं. तारा बदलता येतो, पंजा जरा मोठा बसवता येतो, पण बिजागरीचं काम वेगळं आणि खर्चाचं. तोवर सहाही भोकं रिकामी ठेवा.

गाडीत मी गप्प होतो. मामा म्हणाले, “चमक बघायलास व्हय रे? चमक म्हंजी मालक कसा बोलतो ते. दात म्हंजी तो कसा वागला ते.”

दुसरा रिव्हॉल्व्हर महिन्याभरानं पूर्णा गावात मिळाला. त्याची गोष्ट छोटी आहे. जुने रेल्वे ठेकेदार, आता दोन्ही मुलं पुण्यात. त्यांनी हत्यार समोर ठेवलं तेव्हा मला ते आवडलंच नाही. काळा रंग नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांना उडून पोलाद पांढरं पडलेलं, मुठीच्या पट्टीला एक टवका. पण ते जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं, तेलाचा हलका वास येत होता, आणि कव्हर वेगळं खुंटीला टांगलेलं. ठेकेदारांनी ते देण्याआधी स्वतःच मोडून, सहा भोकं आमच्याकडं करून, मुठीकडून पुढं केलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. अर्धा सौदा तिथंच झाला.

नंबर एक-एक आकडा वाचता येत होता, कारखान्याचे शिक्के धारदार. स्क्रूच्या खाचा कोऱ्या. नळी आरशासारखी नाही, पण कडं नाही, खड्डा नाही. घोडा पूर्ण ओढून मामांनी मागून अंगठ्यानं ढकलून बघितला, निसटला नाही. चाप सोडल्यावर घोडा जरा मागं उचलून बसला, काडतुसावर आपटणाऱ्या पिनचं टोक आत गेलं. टिकली ह्या वेळी मीच घरून नेली होती. तीन फेऱ्या, अठरा वेळा टिक आणि मग कट. गेजची पंधराची पट्टी घासत गेली, वीसची गेलीच नाही.

सांगितले पंच्याहत्तर, ठरले अडुसष्ट. मी पैसे काढायला लागलो तर ठेकेदार म्हणाले, “आज नाही. आज मी तुम्हाला काहीच देऊ शकत नाही.” ते खरं होतं. आर्म्स अ‍ॅक्ट 1959 चा, त्याचं पाचवं कलम सांगतं की परवानाधारकाला दुसऱ्या परवानाधारकाला हत्यार विकायचं असेल तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवायचं, आणि कळवल्यापासून किमान 45 दिवस थांबायचं. हत्यार तोवर त्यांच्याच कपाटात. आपल्याकडं कुणी म्हशीचा सौदा करून 45 दिवस दावणीला राहू देईल का? पण इथं ते बरं वाटलं. अर्ज दिल्यावर ठेकेदारांनी त्याची पोच दाखवली, तारीख वहीत लिहून घेतली. त्याच वहीत आधीच्या पानांवर दर दोन महिन्यांनी एक ओळ होती, तारीख आणि पुढं फक्त ‘तेल’.

घरी बायकोनं विचारलं, घेतलं का? म्हटलं, घेतलं, पण आलं नाही. ती म्हणाली, बरंच झालं. लोखंडी तिजोरी भिंतीत बसवून घ्यायची अट तिची. ती मान्य केली.

फीलर गेज परत द्यायला मेकॅनिककडं गेलो. तो एका ट्रॅक्टरखाली आडवा होता, हात बाहेर काढून गेज घेतलं आणि पट्ट्या बोटानं चाळल्या.

“किती निघालं?”

“पंधरा.”

“टाईट आहे,” तो आतूनच म्हणाला. “जरा ढिलं करून घ्या, जाळतंय नाहीतर.”